होडी घ्यावी शरीर पाहून



नाशिक जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांचे सासरे ६८ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. सासूबाईंच्या निधनानंतर गावाजवळच्या तलावाकाठी गळ टाकून बसणे हा त्यांचा एकमेव विरंगुळा उरला आहे. काठावर गाळ फार आणि पाय घसरतो, म्हणून हवेने फुगवायची एखादी लहान होडी घेण्याचे त्यांनी मनावर घेतले आहे. मुलगा म्हणतो, ‘या वयात हे खूळ नको.’ सासरे म्हणतात, ‘माझ्या निवृत्तिवेतनातून घेईन, कुणापुढे हात पसरणार नाही.’ घरात दोन आठवडे अबोला आहे. भगिनी विचारतात, ‘डॉक्टर, होडी घेऊ द्यावी का? आणि घ्यायचीच तर परवडेल अशी कोणती घ्यावी?’

हा प्रश्न आरोग्यविषयक पाक्षिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझ्या मते तो येथेच विचारायला हवा. दुकानदार होडीची लांबी सांगेल, रंग दाखवील, सवलतही देईल. परंतु घेणाऱ्याचे गुडघे कसे आहेत, त्याची लघवीची गोळी कोणती आणि घाबरल्यावर तो पाण्यातून वर कसा येईल, हे दुकानदार विचारणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण खर्चाबाबत म्हणतो. होडीबाबत माझे सांगणे एवढेच, की ती शरीर पाहून घ्यावी. जी होडी सर्वांत कमी किमतीची ती स्वस्त, असे नव्हे. जिच्यात आपल्याला बसता येते, जिच्यातून उठता येते आणि जी घेतल्यावर चांगल्या जीवरक्षक जाकिटासाठी पैसे उरतात, ती खरी परवडणारी होडी.

आधी चौरंग, मग दुकान

प्रथम घरच्या घरी दोन चाचण्या कराव्यात. पहिली खुर्चीची. हात नसलेली, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते मोजावे. जवळ कुणीतरी उभे असावे. ६५ ते ७४ वर्षांच्या पुरुषाला किमान १२ वेळा उठता यावे. ६५ ते ६९ वर्षांच्या स्त्रीला ११ वेळा आणि ७० ते ७४ वर्षांच्या स्त्रीला १० वेळा जमावे. आकडा याहून कमी असेल तर पडण्याचा धोका सरासरीपेक्षा अधिक आहे, असे वैद्यक मानते. अशांनी होडीचा विचार तूर्त बाजूला ठेवून मांड्यांचे स्नायू बळकट करणारा व्यायाम सुरू करावा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे.

दुसरी चाचणी चौरंगाची. लहान हवेच्या होडीतील बैठक खुर्चीपेक्षा पुष्कळ खाली असते. काही होड्यांत तर तळावरच पाय लांब करून बसावे लागते. म्हणून घरातील चौरंगावर अर्धा तास बसून पाहावे आणि मग कुणाचाही हात न धरता उठून पाहावे. पायाला मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा दोन्ही हात जमिनीवर टेकल्याशिवाय उठता आले नाही, तर बैठक उंच असलेलीच होडी शोधावी लागेल, हे आताच कळते. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांना ही चाचणी विशेष लागू आहे.

माझ्या एका रुग्णाची हकीकत या संदर्भात सांगतो. सत्तरीला आलेले हे गृहस्थ उत्तम पोहत. सर्वांत स्वस्त मिळाली ती दोन माणसांची होडी त्यांनी घेतली, तीन तास गुडघे पोटाशी घेऊन मासेमारी केली आणि सुखरूप काठाला आले. अपघात घडला तो त्यानंतर. गुडघाभर पाण्यात होडीबाहेर पाय टाकताना बधिर झालेला पाय टिकला नाही. ते दगडावर पडले आणि खुब्याचे हाड मोडले. पोहण्याचे कौशल्य तेथे कामी आले नाही. वृद्धांच्या बाबतीत धोका नेहमी खोल पाण्यातच असतो असे नाही. बऱ्याचदा तो चढण्या-उतरण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात असतो.

काहींनी मात्र डॉक्टरांच्या स्पष्ट अनुमतीशिवाय होडीत बसूच नये: नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, अपस्माराचे झटके आटोक्यात नसलेले, वारंवार चक्कर येणारे, साखर अचानक खाली जाणारे, आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेले. अँजिओप्लास्टी होऊन तीन वर्षे झाली आहेत, जिना चढताना छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, गोळ्या नियमित चालू आहेत, अशा व्यक्तीला शांत पाण्यात बसण्यास सहसा आडकाठी नसते. तरीही आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे.

होडी कशी पारखावी

हवेच्या होडीचे गुण आधी सांगतो. ती घडी करून कपाटावर ठेवता येते आणि गाडीच्या डिकीत मावते. दोन्ही बाजूंना जाड नळ्या असल्याने ती लहानशा लाकडी होडीपेक्षा डोलते कमी. तिचे दोष दोन: तिला टोकदार वस्तू सोसत नाही, आणि ती हलकी असल्याने वारा तिला पानासारखी ढकलत नेतो. हे दोन दोष लक्षात ठेवूनच पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट कापडाची. बाजारात मुख्यतः दोन जाती दिसतात. एक साध्या विनाइलची. पातळ, हलकी, काही हजारांत मिळणारी. दुसरी आत पॉलिएस्टरच्या कापडाचा थर असलेल्या जाड पीव्हीसीची. तिची किंमत पहिलीच्या अनेक पट असते आणि तळासह तिचे वजन तीस किलोंच्या पुढे जाऊ शकते. मऊ मातीच्या काठाच्या, स्वच्छ, लहान तळ्यासाठी चांगल्या प्रतीची विनाइलची होडी चालू शकते. पाण्यात बुडालेली झाडे, बाभळीचे काटे आणि खडक असलेल्या धरणाच्या जलाशयासाठी ती नको. आपल्याकडे उन्हाळ्यात धरणांचे पाणी उतरले की जुन्या बाभळींचे खुंट पाण्याखाली वीतभर उरतात, हे ध्यानात घ्यावे. मात्र जाड होडी घेताना तिचे वजनही उचलून पाहावे. साठीपुढच्या माणसाने एकट्याने तीस किलोंचे ओझे चिखलातून ओढणे हा कंबरेवर आणि हृदयावर अन्याय आहे. ओझे कोण उचलणार, याचे उत्तर घरात ठरले नसेल तर ती होडी परवडणारी नव्हे.

दुसरी गोष्ट हवेच्या कप्प्यांची. सर्व हवा एकाच पोकळीत असेल तर एक छिद्र पुरेसे आहे. बाजूच्या नळीत किमान दोन स्वतंत्र कप्पे आणि तळाचा वेगळा कप्पा असावा. प्रत्येक कप्प्याला स्वतःचे झाकण असते, ते मोजले की कप्पे कळतात. झाकणात एकेरी पडदा असावा, म्हणजे पंप काढताक्षणी हवा बाहेर येत नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. खोक्यावर ‘दोन व्यक्ती’ असे छापलेले असते ते फसवे असते. व्यक्तींची संख्या पाहू नये. किलोंचा आकडा पाहावा आणि त्याचा दोन-तृतीयांश हीच आपली मर्यादा मानावी. उदाहरण घेऊ. आजोबांचे वजन ७८ किलो, सोबत जाणाऱ्याचे ६५ किलो. गळाच्या काठ्या, नांगर, दोरी, पाणी आणि डबा मिळून १५ किलो. मासे मिळालेच तर ५ किलो. एकूण १६३ किलो झाले. २०० किलोंच्या होडीचा दोन-तृतीयांश होतो १३३. म्हणजे ती पुरत नाही. २५० किलोंच्या होडीचा होतो १६६. म्हणजे ती जेमतेम पुरते. यासाठी दोघांनी जायचे असेल तर तीन किंवा चार व्यक्तींसाठी म्हणून विकली जाणारी होडीच पाहावी. पाय लांब करण्यास जागा मिळते ती याच आकारात.

चौथी गोष्ट तळाची आणि बैठकीची. नुसत्या पातळ पत्र्यासारखा लवचीक तळ पायाखाली दबतो आणि तोल जातो. हवेने फुगणारा स्वतंत्र तळ किंवा फळ्यांचा तळ अधिक स्थिर असतो. बैठक नळीच्या वरच्या कडेइतकी उंच आणि पाठीला टेका देणारी असावी. बैठक फुगवायची असेल तर बसल्यावर ती किती दबते, ते दुकानातच पाहावे. दुकानदाराने होडी फुगवून दाखविण्यास नकार दिला तर दुसरे दुकान गाठावे. बाहेरच्या बाजूने धरण्यासाठी सर्वत्र दोरी ओवलेली असावी. पाण्यात पडलेल्या माणसाचा तोच आधार असतो.

पाचवी गोष्ट पंपाची. तोंडाने होडी फुगविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. हृदयरुग्ण, दमेकरी आणि हर्निया असलेले तर मुळीच नको. पायाचा पंप एका पायावर तोल सांभाळत मारावा लागतो, तोही वृद्धांसाठी गैरसोयीचा. गाडीच्या १२ व्होल्टच्या जोडणीवर चालणारा, खास हवेच्या गाद्या-होड्यांसाठीचा पंप सोयीचा पडतो. टायरमध्ये हवा भरण्याचे यंत्र मात्र वापरू नये. त्याचा दाब जास्त असतो आणि शिवणी उसवतात.

होड्यांसोबत आणखी दोन प्रकार दुकानात दिसतील. एक अरुंद कयाक, जिच्यात पाय सरळ लांब करून बसतात. दुसरा कंबरेभोवती फुगणारा तराफा, ज्यात पाय पाण्यातच राहतात. हे दोन्ही तरुणांसाठी ठीक. सांधेदुखी, मधुमेह किंवा पायांत रक्ताभिसरण कमी असलेल्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

होडीला विजेवरची लहान मोटर लावण्याचा मोह होतो. १०० अँपिअर-अवरची साधी शिशाची बॅटरी सुमारे २५ ते ३० किलोंची असते. तेवढे वजन वरच्या हिशेबात धरावे लागेल. शिवाय यंत्राने चालणाऱ्या होडीला नोंदणीचे नियम लागू होतात. आपल्या देशात त्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. लहान तळ्यात दोन वल्ही पुरेशी असतात. खांदा आखडलेल्यांनी मात्र वल्ही सोबत्याच्या हाती द्यावीत.

पैशांचे तीन वाटे

या खरेदीसाठी जी रक्कम ठरविली असेल तिचे तीन वाटे करावेत. दोन वाटे होडीसाठी आणि तिसरा वाटा सुरक्षेसाठी. तिसऱ्या वाट्याला हात लावून मोठी होडी घेऊ नये. उलट वेळ आल्यास होडी पुढच्या वर्षावर ढकलावी.

या तिसऱ्या वाट्यातील पहिली वस्तू जीवरक्षक जाकीट. जाकिटावर त्याची तरंगशक्ती न्यूटन या एककात लिहिलेली असते. ५० न्यूटनचे जाकीट चांगले पोहणाऱ्यांना आणि मदत हाताशी असेल तेथे केवळ साहाय्य म्हणून असते. पोहता न येणाऱ्यांनी व सर्व ज्येष्ठांनी १०० न्यूटन किंवा त्याहून अधिक शक्तीचे, मानेमागे आधार असलेले जाकीट घ्यावे. ते आपल्या वजनाला साजेसे असावे आणि त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा, नाहीतर पाण्यात जाकीट वर सरकते आणि माणूस खाली राहतो. ते काठावरच घालावे, सर्व पट्टे लावावेत आणि परत काठावर येईपर्यंत काढू नये. होडीत उशीसारखे ठेवलेले जाकीट कुणाला वाचवीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस या विषयाच्या जागृतीसाठी ठरविला आहे. जाकीट ही फार जुनी, साधी आणि स्वस्त वस्तू आहे. ती अंगावर असली की बेसावध क्षणी पाण्यात पडलेल्या माणसाला ओरडण्याइतका आणि दोरी धरण्याइतका अवधी मिळतो.

याच वाट्यातून शिट्टी, पंधरा-वीस मीटर तरंगणारी दोरी, पाणी न शिरणारी मोबाइलची पिशवी, होडीच्या छिद्रावर लावायच्या ठिगळांचा डबा आणि पाण्यात लोंबकळत सोडायची दोरीची पायरी घ्यावी. पाण्यातून होडीवर स्वतःला वर ओढून घेणे तरुणालाही अवघड जाते. पहिल्याच दिवशी कंबरभर पाण्यात, दोन धडधाकट माणसे बाजूला ठेवून, जाकीट घालून होडीत चढण्याचा प्रयत्न करून पाहावा. चढता आले नाही तर काही बिघडत नाही. परंतु मग नियम असा, की सोबत पोहता येणारा माणूस हवाच आणि काठापासून हाकेच्या अंतरापलीकडे जायचे नाही.

कोठे आणि केव्हा

आपल्याकडील अनेक धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांत होडी नेण्यास मनाई असू शकते. म्हणून होडी विकत घेण्यापूर्वीच जलसंपदा विभागाच्या स्थानिक चौकीत आणि मच्छीमार संस्थेत जाऊन परवानगी विचारावी. तेथील जुने मच्छीमार फुकट देतील ते ज्ञान कोणत्याही पुस्तकात नसते. खुंट कोठे आहेत, वारा कोणत्या बाजूने उठतो, मगर आहे का, हे त्यांना ठाऊक असते. मुंबईच्या पवई तलावाकाठी गळाने मासे पकडण्याची जुनी परंपरा आहे, पण त्याच तलावात मगरीही आहेत. अशा पाण्यात हवेची होडी नेणे शहाणपणाचे नाही.

वाऱ्याविषयी विशेष सावध राहावे. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपारनंतर असा वारा सांगून येत नाही. ज्येष्ठांनी सकाळची वेळ निवडावी आणि उन्हे चढण्यापूर्वी परतावे. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमलेल्या हातांना परतताना वाऱ्याची मदत होते. पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की मासा गळाला असला तरी काठ गाठावा. पावसाळ्यात आणि धरणातून पाणी सोडले जात असताना होडी घडी करून घरातच ठेवावी.

होडीत उभे राहून गळ टाकू नये. नांगर म्हणून टोकदार लोखंड न घेता वाळू भरलेली मजबूत पिशवी वापरावी आणि ती होडीच्या पुढच्या टोकाला बांधावी, बाजूला नव्हे. सुरी आणि गळ झाकणाच्या डब्यात ठेवावेत. काटेरी परांचा मासा थेट तळावर न टाकता बादलीत घ्यावा. भर उन्हात होडी काठावर ठेवायची असेल तर थोडी हवा सोडावी, कारण तापलेली हवा प्रसरण पावून शिवण उसवू शकते. घरी आल्यावर होडी धुऊन पूर्ण वाळवावी आणि उंदरांपासून दूर ठेवावी. जाण्याच्या आदल्या रात्री ती घरात फुगवून ठेवावी. सकाळी एखादी नळी मऊ झालेली आढळली तर त्या दिवशी जाणे रद्द.

औषधांची पिशवी

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी लघवीची गोळी घेणारे काहीजण होडीत पंचाईत नको म्हणून गोळी टाळतात, पाणीही पीत नाहीत. दोन्ही घातक. गोळीची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. रुंद तोंडाची झाकणाची बाटली सोबत न्यावी आणि त्याची लाज बाळगू नये. दर अर्ध्या तासाने पावले वर-खाली हलवावीत. काठाला लागल्यावर एकदम उठू नये. मिनिटभर बसून पाय हलवून, मग सोबत्याचा हात धरून उतरावे.

मधुमेहींनी नाश्ता केल्याशिवाय निघू नये. थरथर, घाम, गोंधळ जाणवताच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी. ही साखर सोबत्याच्या खिशातही असावी. पायांत रबरी तळाचे बंद पादत्राण हवे. संवेदना कमी झालेल्या पायाला गळ टोचला तरी कळत नाही. हृदयरुग्णांनी जिभेखालची गोळी कोरड्या डबीत ठेवावी. ती घेतल्यावर रक्तदाब उतरतो, म्हणून बसूनच घ्यावी आणि होडी तत्काळ काठाकडे वळवावी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लहान जखमही बराच वेळ वाहते. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, मधेच उघडून पाहू नये. गळ त्वचेत खोल रुतला असेल, किंवा डोळ्याजवळ वा सांध्याजवळ असेल तर तो ओढू नये. दोरा कापून, वर सैल पट्टी बांधून दवाखाना गाठावा. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते. जखम चिखलाने मळलेली असेल आणि शेवटची मात्रा पाच वर्षांहून जुनी असेल तर पुन्हा घ्यावी. तलावातून आल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी व डोळे लाल झाल्यास पाण्यात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसचा विचार वेळीच होतो तो या एका वाक्यामुळे.

कुणी बुडून बेशुद्ध झाले तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालत नसल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावा आणि मग तीस वेळा छाती दाबणे व दोन श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. घरातील एकाने तरी हे प्रशिक्षण घ्यावे. ते होडी नसलेल्या घरातही उपयोगी पडते.

घरच्यांसाठी

वृद्ध माणसाला नाही म्हणणे सोपे असते. नाही म्हटल्यावर तो काय करतो, हे आपण पाहत नाही. तो खुर्चीत बसून राहतो, स्नायू झिजतात, झोप उडते, बोलणे कमी होते. अथवा तो कुणाला न सांगता एकटाच जातो, आणि ते सर्वांत धोक्याचे. पाण्याकाठी घालविलेली सकाळ त्याला चालायला लावते, मोकळी हवा देते, आणि ‘आज काय मिळाले’ हे सांगण्याचे निमित्त देते. पती वा पत्नी गमावलेल्या माणसाला हे निमित्त औषधाइतके लागते.

तेव्हा मनाईऐवजी अटी घालाव्यात आणि त्या दोन्ही बाजूंनी पाळाव्यात. ज्येष्ठांनी एकट्याने जायचे नाही, जाकीट काढायचे नाही आणि ठरल्या वेळी परतायचे. घरच्यांनी महिन्यातून दोन सकाळी सोबतीसाठी राखून ठेवायच्या, आणि ऐन वेळी काम निघाल्याचे सांगायचे नाही. कोठे जाणार व किती वाजता परतणार, हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावावे. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात निरोप आला नाही तर कुणी काठावर जायचे, तेही आधीच ठरवावे.

खरेदीचा क्रमही असाच ठेवावा: प्रथम चौरंगाची चाचणी, मग डॉक्टरांची भेट, मग तलावावरची परवानगी, मग सोबती, मग जाकीट आणि सर्वांत शेवटी होडी. या क्रमात एखादी पायरी अडली तर होडीचे पैसे वाचतील आणि काठावरचा गाळ टाळण्यासाठी दोन फळ्या व एक भक्कम खुर्ची पुरेल. सर्व पायऱ्या पार पडल्या तर होडी जरूर घ्यावी, आणि पहिल्या दिवशी मुलाने वल्ही हाती घ्यावीत.